अंधारातली पंगत

सिनेमा थिएटरात बिअर मिळते असे ऐकले की आपल्याकडच्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो आता मारामारी होणार हा. दुसरा विचार पोलिसांचा. तिसरा, आवाज जरा खाली आणून, ‘केवढ्याला?’ महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कागदोपत्री आजही परवाना लागतो आणि तो खिशात बाळगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे, ही गोष्ट वेगळी. पण दारू, गर्दी आणि अंधार एकत्र आले की दंगा, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. त्यामुळे मी आजवर पाहिलेला सर्वांत शांत प्रेक्षक हातात बिअरचा ग्लास धरून बसलेला होता असे मी सांगतो, तेव्हा ऐकणारे हसतात.

हा प्रेक्षक ऑस्टिनचा. टेक्सस राज्याची ही राजधानी. संगणक कंपन्यांमुळे आता तिथे मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. माझा भाचा त्यांपैकीच एक. २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेरीस मी त्याच्याकडे होतो. मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ नुकताच लागला होता आणि तो ‘अलामो ड्राफ्टहाऊस’मध्येच पाहायचा, असा भाच्याचा हट्ट होता.

या अलामोची कहाणी सांगण्यासारखी आहे. टिम आणि कॅरी लीग या नवरा-बायकोने १९९७ साली ऑस्टिनच्या कोलोरॅडो स्ट्रीटवर एकाच पडद्याचे थिएटर काढले. इमारत पूर्वी मोटारी ठेवण्याची. सुरुवातीला सिनेमेही दुसरीकडे चालून उतरलेले. मग लोकांनी यावे कशाला? तर जेवायला मिळेल, बिअर मिळेल आणि सिनेमावर मनापासून प्रेम करणारी माणसे शेजारी बसलेली असतील म्हणून. त्याच वर्षी त्याच शहरात ‘लाइव्ह ओक’ नावाची छोटी बिअरभट्टी सुरू झाली, हाही एक योगच. अमेरिकेत घरच्या घरी बिअर गाळण्याला १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने मोकळीक मिळाली. तेव्हा देशभरात शंभरही भट्ट्या नव्हत्या, त्या पुढे नऊ हजारांवर गेल्या. पुण्यात २००९ साली ‘डुलाली’ निघाली तीही याच लाटेतली. मोठ्या कंपन्यांची एकाच चवीची बाटली नको, आपल्या गावची, आपल्या माणसाने गाळलेली बिअर हवी, ही ती हौस. माझ्यापुढे आलेली गव्हाची बिअर ढगाळ दिसत होती आणि तिला चक्क केळ्याचा आणि लवंगेचा वास होता. त्यात केळे नसते आणि लवंगही नसते. ही सगळी करामत यीस्टची, असे भाच्याने सांगितले.

थिएटरची रचना पाहण्यासारखी होती. दोन रांगांमध्ये एक माणूस वाकून जाऊ शकेल एवढी वाट. खुर्च्यांपुढे लांबट, अरुंद टेबल. त्यावर खाद्यपदार्थांची यादी, कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल. काय हवे ते चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी उभी करून ठेवायची. काळ्या कपड्यांतला वाढपी सावलीसारखा यायचा, चिठ्ठी उचलायचा आणि जायचा. बोलणे नाही. पंगतीतला वाढपी ‘भात, भात, भात’ करत येतो. हा अगदी उलट. आम्ही पिझ्झा मागवला आणि तळलेले लोणचे. त्यांचे लोणचे म्हणजे खारवलेली काकडी. तिचे काप पिठात बुडवून तळतात, साधारण आपल्या भज्यांच्या जातीचा प्रकार. मी काहीतरी विचारायला तोंड उघडले, तेवढ्यात भाचा कुजबुजला, ‘‘मामा, आता बोलायचं नाही. बाहेर काढतात.’’

मला वाटले, थट्टा करतो आहे. पण पडद्यावर तेच लिहून आले. बोलू नका, फोन काढू नका. एकदा समज देऊ, दुसऱ्यांदा बाहेर काढू आणि पैसे परत मिळणार नाहीत. ही पोकळ धमकी नव्हे. २०११ साली फोनवर संदेश टाइप करणाऱ्या एका तरुणीला त्यांनी असेच बाहेर काढले. तिने संतापून थिएटरच्या फोनवर शिव्यांचा निरोप ठेवला. दुसऱ्या कोणा मालकाने माफी मागून फुकट तिकिटे पाठवली असती. यांनी तो निरोप पडद्यावर अक्षरांसह सिनेमाआधी वाजवायला सुरुवात केली! गिऱ्हाईक म्हणजे देव, या व्यापारी सुभाषिताला इतके सणसणीत उत्तर मी दुसरे पाहिलेले नाही. शेजारी कोणी बोलत असेल तर तेही तेव्हा चिठ्ठीवर लिहून ठेवायचे. म्हणजे ज्या कागदावर पिझ्झा मागवायचा, त्याच कागदावर शांतताही मागवायची.

मला या जागेत आवडले ते हेच. हा निव्वळ चंगळवाद नाही. निदान तेवढाच नाही. खुर्चीत रेलून, चरत-पीत सिनेमा पाहण्याची सोय त्यांनी केली खरी, पण त्या सोयीची किंमत म्हणून प्रेक्षकाकडून लक्ष मागितले. आणि प्रेक्षकाने ते दिले.

आता दुसरी बाजू. सिनेमा होता ओसेज या आदिवासी जमातीच्या हत्याकांडावर. ओक्लाहोमात त्यांच्या जमिनीखाली तेल निघाले आणि १९२०च्या दशकात त्या तेलाच्या हक्कांसाठी गोऱ्यांनी ओसेज माणसांना एकेक करून मारले. गोळ्या घालून, घर स्फोटाने उडवून, विष घालून. मॉली नावाच्या मधुमेही स्त्रीला तिचा नवराच इन्सुलिनमधून विष देतो. लिली ग्लॅडस्टोनने ती मॉली अशी उभी केली आहे की तिच्या नुसत्या डोळ्यांकडे पाहवत नाही. ती अंथरुणाला खिळलेली, घामाने भिजलेली, नवरा सुई घेऊन जवळ येतो आहे, आणि नेमकी तेव्हाच आमच्या पुढच्या रांगेत आइस्क्रीम आले. चमचा काचेला लागल्याचा बारीक आवाज आला. कोणीही नियम मोडलेला नव्हता. बोलले कोणी नाही, फोन काढला नाही. तरीही काहीतरी मोडले. अंधारात हात आपोआप ताटलीकडे जात राहतो, पडद्यावर माणूस मरत असला तरी. सुतकात चूल न पेटवणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाला हे खटकणारच. पडद्यावर मारामारीचा भपकेबाज पट असता तर मला त्याचे काही वाटले नसते, हेही कबूल आहे. पण थिएटर दर शुक्रवारी सिनेमा बदलते, टेबले बदलत नाही.

पुढे तपासाचा फास आवळत चालला तेव्हा बिल आले. त्यांची पद्धतच तशी होती. शेवटी गर्दी होऊ नये म्हणून सिनेमा संपायच्या बऱ्याच आधी बिले वाटायची. अर्धे थिएटर टेबलाखालच्या मंद उजेडात किती टक्के टीप द्यायची याचा हिशेब करत होते आणि स्कॉर्सेसी बिचारा पडद्यावर अमेरिकेचा हिशेब मांडत होता.

आणखी एक व्यावहारिक अडचण. सिनेमा होता २०६ मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ साडेतीन तास, आणि मध्यंतर नाही. पाऊण ग्लास बिअरनंतर माझ्या वयाच्या माणसाचे काय होते हे सुज्ञ वाचकांना सांगायला नको. लोक वाकून बाहेर जात होते, वाढपी वाकून आत येत होते. काही देशांतल्या काही थिएटरांनी याच सिनेमाला आपल्या मनाने मध्यंतर दिले, तेव्हा असे करायचे नाही, अशी तंबी त्यांना मिळाली. अखंड कलाकृतीचा आग्रह मला समजतो. पण ‘गॉन विथ द विंड’ला १९३९ साली मध्यंतर होते, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ला १९६२ साली होते, आणि २०२४च्या ‘द ब्रूटलिस्ट’ने पंधरा मिनिटांचे मध्यंतर पुन्हा आणले, तेव्हा लोकांनी त्याचे कौतुकच केले. आपण ज्याला मागासलेपणा समजत होतो त्याचे तिकडे आता नवल होते आहे.

मध्यंतर ही आपल्याकडची मोठी सुसंस्कृत सोय आहे, असे माझे ठाम मत आहे. बालगंधर्वमध्ये नाटकाला गेलात तर बटाटेवडा मध्यंतरात खायचा. पहिल्या अंकाच्या अखेरीस तळणाचा वास आत येतो आणि नायिकेच्या दुःखात थोडी खोट येते, हे खरे. पण खाणे बाहेर, पाहणे आत, ही सीमा सगळ्यांना मान्य असते. ‘विजय’ किंवा ‘अलका’ टॉकीजला दिवे लागायचे, लोक समोशासाठी धावायचे, पहिल्या अर्ध्याची चिरफाड व्हायची, अनोळखी माणूससुद्धा ‘पुढे हिरो मरतो का हो?’ असे विचारायचा. सिनेमावर बोलण्याची वेळ ठरलेली होती म्हणून बाकीच्या वेळी गप्प बसणे जमायचे. खाणे आणि बोलणे या दोन्हींना मध्यंतराने जागा करून दिली होती.

ती जागा मोडली ती पैशाने. तिकिटाचा मोठा वाटा वितरकाकडे जातो. खाण्याचा पैसा मात्र थिएटरवाल्याचा. देशातल्या सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स साखळीच्या उत्पन्नात खाद्यपेयांचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे. म्हणजे मक्याच्या लाह्या विकण्यासाठी सिनेमा दाखवतात, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे नाही. २०१८ साली बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ द्या म्हणून महाराष्ट्रात केवढे रान उठले होते! अखेर जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थिएटरमालकांच्या बाजूने कौल दिला. पिण्याचे पाणी फुकट द्यावे लागेल, बाकी बंदी घालण्याचा हक्क मालकाचा. सुनावणीत सरन्यायाधीशांनी जिलेबीचे उदाहरण दिले होते: कोणी जिलेबी आणली आणि पाकाची बोटे खुर्चीला पुसली तर? प्रश्न बिनतोड आहे. फक्त आतल्या काउंटरवरच्या नाचोजचे चीज ज्या खुर्चीला लागते तिचे काय, हे कोणी विचारले नाही.

आणि वाढप्याचे काय? काळे कपडे घालून, कंबरेत वाकून, एकेका खेळाला शेकडो फेऱ्या मारणारा तो माणूस. टेक्ससमध्ये टिपा मिळवणाऱ्या नोकराला मालकाने तासाला किमान २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालते, टिपा धरून एकूण रक्कम किमान वेतनाएवढी झाली की झाले. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. अलामोने मार्च २०२१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, जून २०२४ मध्ये सोनी पिक्चर्सने ती कंपनी विकत घेतली. १९४८ सालच्या ज्या पॅरामाउंट खटल्यामुळे बड्या स्टुडिओंना थिएटरे सोडावी लागली, त्यातले निर्बंध २०२० साली उठले होते म्हणून हे शक्य झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या अलामोच्या कामगारांनी नोकरकपातीविरुद्ध संप केला. नवरा-बायकोच्या हौसेचे थिएटर आणि स्टुडिओच्या ताळेबंदातले थिएटर यांत फरक पडतो, आणि तो पहिल्यांदा वाकणाऱ्याच्याच कंबरेला जाणवतो.

आता ही लाट आपल्याकडे आली आहे. दिल्लीत वसंत कुंजला २०११ पासून खुर्चीशी जेवण येते. २०२५ साली बंगळुरूत पीव्हीआर आयनॉक्सने जेवणाची टेबले मांडलेले थिएटर उघडले. बिअरचे सोडा, ती आपल्याकडे यायला वेळ आहे. पण खुर्ची आली, कांबळे आले, बटण दाबले की येणारा पोऱ्या आला. गप्प बसवणारा माणूस मात्र आलेला नाही. २०१९ साली नाशिकला मोबाइलच्या त्रासाने सुमीत राघवन यांना चालू प्रयोग थांबवावा लागला होता. रंगमंचावरचा नट निदान थांबू तरी शकतो. पडद्यावरचा काय करणार?

गेल्या वर्षी आमच्याच शहरातल्या एका महागड्या थिएटरात माझ्या पुढच्या खुर्चीतला गृहस्थ सिनेमाभर फोनवर कोणाशी तरी जमिनीचा व्यवहार ठरवत होता. मी बटण दाबले. मुलगा आला, वाकला, अदबीने म्हणाला, ‘‘सर, ऑर्डर?’’ मी म्हटले, ‘‘यांना गप्प करता का?’’ त्याने एकदा त्या गृहस्थाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि हातातले यंत्र माझ्यापुढे धरले. त्यात तसा पदार्थ नव्हता.