फुकटाची अरेरावी

'एक्सझेड' ही फायली आवळून लहान करणारी मुक्तस्रोत आज्ञावली. फिनलंडमधील एक गृहस्थ ती वर्षानुवर्षे विनामोबदला सांभाळत होते. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला : कामे रखडली आहेत, झेपत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा. त्यांनी आपल्या मानसिक अस्वास्थ्याचा उल्लेख केला, तरी सूर उतरला नाही. अखेर एका तत्पर मदतनिसाला अधिकार मिळाले. त्याच्याच नावाने २०२४ मध्ये तीत चोरदरवाजा बसला. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे एका अभियंत्याला खटकले म्हणून अनर्थ टळला. तक्रारकर्ते बहुधा त्याच कटातले. मला अस्वस्थ करते ते वेगळेच : त्या उर्मटपणाचा वेळीच संशय आला नाही, कारण खरेखुरे वापरकर्तेही (आपणही!) असेच लिहितात. अशा पत्रांना उत्तर न देणे हा सांभाळणाऱ्याचा हक्कच मानायला हवा.