एका ऑक्सिजनचा फरक

आमचा रूम पार्टनर दम्याचा पेशंट. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, "सल्फाइट टाळ." पठ्ठ्याने ऐकलं सल्फेट! सल्फेटवाला शाम्पू फेकून दिला आणि त्याच संध्याकाळी संत्र्याचं स्क्वॅश ग्लासभर प्यायला. रात्री त्याची छाती भरून आली. इनहेलर शोधताना सगळ्या विंगची धावपळ! सकाळी बाटली पाहिली, तर बारीक अक्षरांत 'आयएनएस २२४'. म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, सल्फाइटच्याच घराण्यातलं.

समजावायला गेलो तर म्हणतो, "अबे, एका अक्षरानं काय फरक पडते?"

पडते ना! सल्फेटमध्ये गंधकाभोवती ऑक्सिजनचे चार अणू, सल्फाइटमध्ये तीन. सल्फाइटला आणखी एक घ्यायची घाई असते, म्हणून ते रसाचा रंग टिकवतं. पण आंबट रसात त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि काही दमेकऱ्यांना तोच बाधतो. सल्फेटचं तसं नाही. फर्स्ट इयरचं प्रॅक्टिकल आठवा. बेरियम क्लोराइड टाकलं की दोघांचाही साका पांढराच. मग पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकायचं. सल्फाइटचा साका विरघळतो, सल्फेटचा जागचा हलत नाही.

आपल्या नांदगाव पेठला १३५० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. कोळशातलं गंधक जळून हाच वायू होतो. तो चुनखडीच्या पाण्याने धुतला की आधी कॅल्शियम सल्फाइट तयार होतं. त्याचा चिखल कोणाच्या फारसा कामाचा नाही. त्यात हवा फुंकली की होतं कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. ते सिमेंटवाले विकत घेतात! केंद्र सरकारने या वायूवर २०१५ मध्ये मर्यादा घातली, पुढे मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना ही धुलाई यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. अशी बातमी वाचताना तरी आपल्याला दोन शब्दांतला फरक कळायला नको का?

स्पेलिंगसाठी अर्धा मार्क कापला की आपण सरांवर चिडतो. त्या रात्रीपासून मी चिडणं सोडलं. माझं म्हणणं एवढंच. लॅबमधल्या बाटल्यांवर पूर्ण नाव असावं, 'सोडियम सल्फ...' एवढंच उरलेली बाटली कपाटात राहू नये. मेसमध्ये डब्याचं लेबल डबा संपेपर्यंत जपावं. आणि ज्याला जे चालत नाही, ते त्याने रेक्टर सरांकडे लिहून द्यावं. तोंडी सांगितलं की 'इट'चं 'एट' होतं!