लावणे आणि राखणे

पोर्तुगालच्या अटलांटिक किनाऱ्यावर, मारिन्या ग्रांदे या काचकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाला लागून एक जुने जंगल आहे. लोक त्याला राजाचे पाइनवन म्हणतात. समुद्राकडून उडत येणारी वाळू शेतांवर चढू नये म्हणून तेराव्या शतकापासून ते राखले गेले. 'शेतकरी राजा' म्हणून ओळखला जाणारा दिनिश याने ते वाढवले. पुढे त्याच्या लाकडातून जहाजे झाली, त्याच्या राळेने जहाजांचे सांधे बुजवले गेले आणि काचेच्या भट्ट्याही त्याच लाकडावर पेटल्या. ज्या आरमाराने गोव्याचा इतिहास बदलला, त्याच्या उभारणीत वाळूतल्या या झाडांचाही वाटा आहे.

15 ऑक्टोबर 2017 च्या रविवारी हे जंगल पेटले. दीर्घ अवर्षणाने रान वाळून कोळ झाले होते आणि दूर समुद्रातून जाणाऱ्या ओफेलिया वादळाने वाऱ्याला जोर दिला होता. सुमारे 11 हजार हेक्टरांपैकी 86 टक्के जंगल जळाले. त्या वर्षीच्या जून आणि ऑक्टोबरमधील वणव्यांत देशात शंभराहून अधिक माणसांचे प्राण गेले.

राख निवताच हळहळलेली माणसे रोपे घेऊन आली. ही माया खरी होती. पण जंगल पुन्हा उभे करणे म्हणजे केवळ खड्डे खणून रोपे लावणे नव्हे. ते का, हे समजण्यासाठी त्या राखेकडे वाकून पाहावे लागते.

समुद्री पाइनचे अनेक शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात. आगीची धग लागली की राळ वितळते, खवले उघडतात आणि पंख असलेले बी खाली उतरते. म्हणजे अनेक ठिकाणी पाइन आपला आपण उगवतो. मात्र त्याच जमिनीत दुसरेही बी दडलेले असते, ऑस्ट्रेलियातून आणलेल्या अकेशियाचे. एकेकाळी वाळू धरून ठेवण्यासाठीच हे झाड या किनारपट्टीवर मुद्दाम लावले गेले. त्याचे कठीण कवचाचे बी वर्षानुवर्षे मातीत पडून राहते आणि आगीने तेही जागे होते. भराभर वाढून ते पाइनच्या कोवळ्या रोपांवर सावली धरते. ते उपटले नाही, तर जंगल अकेशियाचे होते. पाइनची रोपे दाट उगवली आणि विरळ केली नाहीत, तर पुढच्या वणव्याला आयते सरण मिळते.

हे उपटणे, विरळ करणे, पालापाचोळा काढणे, आगपट्टे स्वच्छ ठेवणे यांचा समारंभ होत नाही. त्यासाठी रोज जंगलात पाय असणारी माणसे लागतात. पोर्तुगालने 2006 मध्ये वनरक्षकांचे स्वतंत्र दल मोडून ते राष्ट्रीय गार्डमध्ये विलीन केले. जंगलातली राखणदारांची घरे ओस पडली. सात शतके जे टिकले ते लावणाऱ्या राजाच्या पुण्याईवर नव्हे, तर राळ काढणाऱ्या, लाकूड तोडणाऱ्या आणि पहारा करणाऱ्या हातांच्या जोरावर. ते हात कमी झाले, हे जंगलाचे पहिले नुकसान होते. आग नंतर आली.

म्हणून जळक्या लाकडाच्या लिलावातून आलेला पैसा आधी या राखणीकडे वळायला हवा. पाइनच्या जोडीला ओक आणि इतर स्थानिक झाडेही हवीत. एकाच जातीचे रान आगीला आणि रोगाला सारखेच सोपे जाते.

गोव्यात आणि कोकणात आपणही डोंगरउतारांवर अकेशिया आणि पुळणींवर सुरू लावत आलो आहोत. लावलेल्या रोपांचे आकडे जाहीर करण्याची आपल्याला सवय आहे. जगलेल्या झाडांची मोजणी मात्र मागावी लागते. येत्या पावसाळ्यात रोपे जरूर लावा. पण खड्डा खणण्याआधी एक गोष्ट ठरवा: पुढचे पाच उन्हाळे त्या रोपाला पाणी कोण घालणार, आणि भोवतीचे वाळके गवत कोण कापणार?