नाव झाकावे, हिशेब झाकू नये

इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावात रस्त्याचे काम निघाले की ठेकेदार कोण आणि रक्कम किती हे सांगणारी पाटी कडेला उभी राहते. ती कधी खरी असते, कधी खोटी. पण तिच्याकडे बोट दाखवून ग्रामसभेत प्रश्न तरी विचारता येतो. त्याच गावातील एखाद्या मुलीवर अत्याचार झाला, तर तिच्या पुनर्वसनाचा पैसा कोठे अडला हे विचारायला चावडीवर जागा नाही. जिल्हा विधि सेवा प्राधिकरण पुण्यात, शंभराहून अधिक किलोमीटरांवर. आणि या विषयात गोपनीयतेची ढाल पुढे करणे फारच सोपे.

पीडिताला मिळणारी भरपाई हा दानधर्म नव्हे. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९ साली लागू झालेल्या ३५७-अ या कलमाने तिची जबाबदारी राज्यावर टाकली. तीच तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६ व्या कलमात आहे. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण झाली पाहिजे, असे कायदाच सांगतो. महाराष्ट्राने २ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘मनोधैर्य’ योजना आणली. तिची मर्यादा आरंभी तीन लाख रुपये होती, पुढे ती दहा लाखांपर्यंत नेण्यात आली. मर्यादा वाढल्याच्या घोषणा झाल्या, पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने मुख्य प्रश्न मर्यादेचा नाही, मुदतीचा आहे. दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी आजची असते. दोन वर्षांनी हाती पडणारे तीन लाख हे तीन लाख उरत नाहीत. मधल्या काळात सावकाराचे व्याज चढलेले असते. म्हणून दोन महिन्यांत किती अर्ज निकाली निघाले, किती फेटाळले व का, हे आकडे मंजूर रकमेइतकेच महत्त्वाचे ठरतात.

येथे गोपनीयतेचा आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे व तो तसाच राहिला पाहिजे. लहान गावात तर नावही लागत नाही. वय आणि वाडी सांगितली की सारे उमगते. तेव्हा ही यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु जिल्ह्याचे तिमाही आकडे आणि फेटाळणीची कारणे यांतून कोणाची अब्रू जाते? आणि समुपदेशन वा निवारा यांसाठी अनुदान घेणाऱ्या संस्थेला कसली गोपनीयता? माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ अनुदान कार्यक्रमांचा तपशील मागण्याआधीच प्रसिद्ध करण्यास सांगते. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीचा अपवाद रुंद केला खरा, पण संस्था ही व्यक्ती नव्हे, आणि कलम ८(२) मधील व्यापक लोकहिताची तरतूद शाबूत आहे.

तुरुंगातून सुटलेल्यांची दशा याहून उपेक्षित. ज्या महाराष्ट्रात औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून कैद्यांना कुंपणाविना शेती करू दिली, त्या महाराष्ट्रात आज मुक्त बंद्याला उभे करण्यासाठी किती खर्च होतो हे सामान्य कार्यकर्त्याला सांगता येत नाही. पीडितासाठी निदान सहानुभूती असते. सुटून आलेल्या मजुरासाठी कोण मोर्चा काढणार?

अमेरिकेचा आदर्श समाजवाद्यांनी घ्यावा असे क्वचितच घडते. तरीही एक गोष्ट नोंदवावी. २०२५ च्या एप्रिलमध्ये तेथील न्याय विभागाने पीडित-साहाय्य आणि पुनर्वसनाची शेकडो अनुदाने एका फटक्यात रद्द केली. कोणत्या संस्थेचे किती गेले हे तेथील लोकांना मोजता आले, कारण कोणाला किती दिले याची नोंद आधीपासून उघडी होती. आपल्याकडे अनुदान अडले तर ते अडले हेच कळत नाही.

पुणे जिल्ह्यातील शाखांनी येत्या तिमाहीत एवढे करावे: जिल्हा प्राधिकरण आणि महिला व बालविकास कार्यालय या दोन्हींकडे नावाविना आकडे, संस्थानिहाय अनुदान आणि परिविक्षा अधिकाऱ्यांची रिक्त पदे यांसाठी अर्ज द्यावेत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा होणे बंधनकारक आहे. तिच्या इतिवृत्ताची प्रतही त्याच अर्जात मागावी.