गेमचा संगणक : तयार आणावा की जुळवून घ्यावा?

परीक्षा संपल्या, निकाल लागले, की घरोघरी एक मागणी हमखास पुढे येते. पूर्वी ती सायकलीची असे, मग मोबाइलची झाली. आता चिरंजीव किंवा कन्यारत्न जाहीर करते, "मला गेमिंग पीसी हवा!" किंमत विचारावी, तर उत्तर येते सत्तर-ऐंशी हजार, नाहीतर लाखभर. आईबाबांच्या पोटात गोळा येतो. तेवढ्यात दुसरे वाक्य येते, "पण सुटे भाग आणून आपण घरीच जोडला, तर स्वस्त पडेल." मग बाबा म्हणतात, कंपनीचा तयार घेऊ, गॅरंटी तरी असते. मुलगा म्हणतो, त्यात फसवणूक असते. आणि आई विचारते, "बिघडला तर कोण बघणार?"

वाचकहो, या तिघांत आईचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. स्वस्त आणि महाग यांचा हिशेब अर्ध्या तासात होतो. जबाबदारी कोणाची, हा हिशेब मात्र पुढची पाच वर्षे चालतो.

जोडता येतो, तो का?

फ्रिज किंवा दूरदर्शन संच आपण सुटे भाग आणून जोडत नाही. मग संगणकच का जोडता येतो? आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पीसी बाजारात आणला, तो मुख्यतः बाहेरून विकत घेतलेल्या भागांचा होता. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. त्याची तांत्रिक माहितीही आयबीएमने पुस्तकरूपाने उपलब्ध करून दिली. साहजिकच इतरांनीही तसेच संगणक आणि त्यांत बसणारे भाग बनवायला सुरुवात केली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' हे माप ठरवून दिले. मदरबोर्ड केवढा, त्याच्या स्क्रूची भोके कुठे, वीज कुठून येणार, हे सारे नक्की झाले. त्यामुळे एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये आजही बिनबोभाट बसतो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात 'ब्रँडेड की असेंबल्ड' हा वाद याच कारणाने रंगला. एचसीएल, विप्रो, झेनिथ यांचे तयार संगणक एका बाजूला, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट दुसऱ्या बाजूला. आजचा प्रश्न त्याच वादाचा नातू आहे.

आधी कागद-पेन्सिल घ्या

गेमच्या संगणकाचे मुख्य भाग आठ : प्रोसेसर, त्याचा कूलर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि कॅबिनेट. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि विंडोजचा परवाना वेगळा. जो तयार संगणक मनात भरला असेल, त्याच्या आठही भागांची पूर्ण नावे विक्रेत्याकडून लिहून घ्या. नुसते '१६ जीबी रॅम' किंवा '६५० वॅट एसएमपीएस' चालणार नाही, कंपनी आणि मॉडेल हवे. मग त्याच भागांचे त्याच दिवशीचे सुटे भाव दोन-तीन दुकानांत विचारून बेरीज करा. विंडोजचा परवाना अंतर्भूत असेल, तर तोही मिळवा.

दोन बेरजांतला फरक म्हणजे जोडणीची मजुरी, चाचणी आणि एकहाती वॉरंटी यांची किंमत. तो फरक दहा टक्क्यांच्या आत असेल, तर तयार संगणक वाईट सौदा नाही, असे आमचे मत. वीस-पंचवीस टक्क्यांवर गेला, की मुलाचे म्हणणे ऐकावे. आणि विक्रेता मॉडेलची नावे सांगायला तयारच नसेल, तर ते दुकान सोडावे. लपवण्यासारखे असते तेच लपवले जाते.

हा हिशेब 'त्याच दिवशीच्या' भावाने करा, असे सांगण्यास कारण आहे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भराभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड डेटा सेंटरांना मेमरीच्या चिपा हव्यात, आणि कारखाने त्यांच्यासाठी आधी माल काढतात. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने तर 'क्रुशल' या नावाने ग्राहकांना विकला जाणारा आपला रॅम-एसएसडीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा दिवसांत जुन्या भावाच्या मालातून तयार झालेला संगणक सुट्या भागांपेक्षा स्वस्तही पडू शकतो. 'जोडलेला नेहमी स्वस्त' हे वाक्य म्हणूनच आंधळेपणाने मान्य करू नये.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा

तयार संगणकात कुठे पाणी मुरते ते आता पाहू.

पहिली जागा म्हणजे प्रोसेसरचे नाव. वीस-पंचवीस हजारांत 'आय-७ गेमिंग पीसी', आत रंगीबेरंगी दिवे, अशा जाहिराती सर्रास दिसतात. आय-७ हे घराण्याचे नाव झाले, पिढी कोणती ते विचारा. आय-७ २६०० हा प्रोसेसर २०११ सालचा आहे, ३७७० हा २०१२ चा. त्यांच्या जोडीला जीटी ७३० हे २०१४ चे ग्राफिक्स कार्ड दिलेले असते. नवे मोठे गेम त्यावर चालत नाहीतच. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे खोके नवे, दिवे नवे, आतला म्हातारा मात्र निवृत्त!

दुसरी जागा ग्राफिक्स कार्डाची. गेमसाठी सर्वाधिक पैसा इथेच घालायचा असतो. पण नावासोबत कार्डाची मेमरीही लिहून घ्या. आरटीएक्स ५०६० टीआय हे एप्रिल २०२५ मध्ये आलेले कार्ड एकाच नावाने ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत विकले जाते. किंमत निराळी, आयुष्यही निराळे, कारण नव्या गेमना ८ जीबी अपुरे पडू लागले आहे.

तिसरी जागा एसएमपीएसची. हा भाग कोणी विचारत नाही, म्हणून बचत इथेच होते. '८० प्लस' हे चिन्ह किती वीज वाया जात नाही ते सांगते, बाकीचा दर्जा नव्हे. तरीही ते चिन्ह नसलेला, कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस चाळीस हजारांच्या कार्डाला जोडणे म्हणजे रेशमी साडीला सुतळीची नाडी.

चौथी जागा रॅमची. १६ जीबीची एकच पट्टी देण्यापेक्षा ८-८ च्या दोन पट्ट्या असतील, तर प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते आणि गेम अधिक सुरळीत चालतो. आणखी एक : काही मोठ्या कंपन्या आपल्याच मापाचा मदरबोर्ड आणि एसएमपीएस वापरतात. आज तो संगणक छान चालतो, पण तीन वर्षांनी एखादा भाग बदलायचा म्हटले, की बाजारातला भाग त्यात बसत नाही. 'यात प्रमाणित एटीएक्स भाग आहेत का?' हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा.

जोडणारा हात, निस्तरणारा हात

आता घरी जोडण्याकडे वळू. हे काम कठीण नाही, पण धांदरटपणाला माफी नाही. नवशिक्याला चार-सहा तास लागतात. सगळ्यांत नाजूक जागा मदरबोर्डवरील सॉकेटची. आजकाल पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात. एखादी वाकली, तर वॉरंटीतून ती भरून मिळत नाही. प्रोसेसर दाबून बसवायचा नसतो, अलगद ठेवायचा असतो. त्यावर उष्णता वाहून नेणारे मलम वाटाण्याएवढे पुरे. सिंथेटिक कपडे आणि गालिचा टाळा, आणि अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावत जा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल.

सगळे जोडून झाल्यावर दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावायची. आणि रॅमचा जाहीर वेग बायोसमध्ये जाऊन स्वतः चालू करायचा. या दोन चुकांमुळे कित्येक घरांत लाखाचा संगणक निम्म्या ताकदीने चालत असतो!

खरी कसोटी बिघाडाच्या दिवशी लागते. प्रत्येक भागाची वॉरंटी स्वतंत्र असते. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांना साधारणपणे तीन वर्षे, एसएसडीला तीन ते पाच, चांगल्या एसएमपीएसला त्याहूनही अधिक. तयार संगणकाला बहुधा एक ते तीन वर्षे. कागदावर सुटे भाग जिंकतात. पण पडदा काळा झाला, तर दोष कोणत्या भागाचा हे आधी तुम्हालाच शोधावे लागते. मग तो भाग काढून सेवा केंद्रात न्यायचा किंवा कुरियरने पाठवायचा आणि वाट पाहायची. पुण्या-मुंबईत, इंदुरात किंवा हैदराबादेत हे जमते. लहान गावात एका भागासाठी महिना जाऊ शकतो. तयार संगणकाला घरी येऊन दुरुस्तीची सेवा असेल, आणि ती तुमच्या पिनकोडला खरोखर मिळत असेल, तर तिचे मोल मोठे आहे. ती मिळते का, हे विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर न ठेवता लेखी घ्या. कॅबिनेट उघडून रॅम वाढवली तर वॉरंटी जाते का, हेही त्याच कागदावर घ्या.

मधला मार्ग

आपल्याकडे एक तिसरी वाटही आहे आणि बहुतेक कुटुंबांना तीच मानवते. भाग तुम्ही निवडायचे, सगळे एकाच भरवशाच्या दुकानातून घ्यायचे, आणि जोडणी त्यांच्याकडूनच करून घ्यायची. मजुरी थोडी असते, कधी सर्व भाग घेतल्यास मुळीच नसते. सॉकेटची पिन वाकलीच, तर ती दुकानातच वाकते! मुलाला शेजारी उभे राहून पाहू द्या, शक्य असेल तर दोन स्क्रू त्यालाही आवळू द्या.

मात्र अटी पाळा. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक असलेले जीएसटीचे बिल घ्या. 'बिलाशिवाय अठरा टक्के वाचतात' असे कोणी सुचवले, तर वॉरंटीही त्यासोबत वाचते, म्हणजे मिळत नाही! रिकामी खोकी सांभाळून ठेवा. प्रोसेसर बंद खोक्यातला घ्या. भारतातील अधिकृत वितरकाचा माल आहे ना, ते पाहा, कारण परदेशातून परस्पर आलेल्या मालाला इथे वॉरंटी मिळेलच असे नाही. जुने ग्राफिक्स कार्ड स्वस्तात मिळत असेल, तर ते क्रिप्टो चलनाच्या कामात रात्रंदिवस राबलेले नाही ना, याचा विचार करा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धत बंद केल्यावर अशी असंख्य कार्डे बाजारात आली.

तरीही फसगत झालीच, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बिल असेल तरच हे सारे सोपे.

विजेचा हिशेब

एक खर्च कोणीच मोजत नाही. खेळताना संगणक आणि मॉनिटर मिळून ४०० वॅट घेत असतील, तर रोज तीन तासांना १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट होतात. तुमच्या बिलावरचा दर पाहून गुणाकार करा. कार्यालयात असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटच झेपवतो, तेव्हा तो इथे तोकडा पडेल. एक हजार व्हीएच्या वरचा बघा. आणि घराचे अर्थिंग नीट नसेल, तर ग्राफिक्स कार्डाआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मग कोणी काय घ्यावे?

घरात कोणालाही यंत्राची आवड नाही, गाव लहान आहे, आणि दारात सेवा मिळते : तयार संगणक घ्या, पण आठ भागांची यादी तपासून. शहरात आहात, पैसा मोजका आहे, पुढे एकेक भाग वाढवायचा आहे : भाग निवडून दुकानातून जोडून घ्या. आणि मुलगा किंवा मुलगी महिनाभर माहिती काढते आहे, वह्या भरते आहे, प्रत्येक भाग का हवा ते सांगू शकते : तिला स्वतः जोडू द्या.

फक्त त्याआधी एक करार करा. जो जोडेल, तोच बिघाड शोधेल, तोच सेवा केंद्राला फोन करील, आणि बिलांची फाइल त्याच्याच कपाटात राहील. हे ऐकूनही मागणी कायम राहिली, तर आईच्या प्रश्नाला उत्तर मिळाले असे समजा. मागणी मावळली, तर तयार संगणकाचा दुकानदार आहेच!