ऑगस्टमध्ये हात का चिघळतात?



१ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्या ६१ दिवसांत आपण इंजिन खोलतो, जाळी विणतो, बोटीला रंग काढतो. १ ऑगस्टला बोटी सुटतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून सोसायटीच्या ऑफिसात सुजलेली बोटं दिसायला लागतात. सेक्रेटरी म्हणून दरवर्षी हे बघतोय. याला योगायोग म्हणता येत नाही. याचाही एक सीझन आहे.

एप्रिल-मे महिन्यात घाम आणि उकाडा, तेव्हा गळवं जास्त. पावसात हात-पाय दिवसभर ओले राहतात, कातडी मऊ पडते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि त्या फटीतून जंतू आत शिरतात. मग पाय पोटरीपर्यंत लाल होऊन सुजतो. त्यात दोन महिने आरामात राहिलेले हात ऑगस्टमध्ये एकदम दोर ओढतात, सुंगटाचं टोक नाहीतर शिंगाळ्याचा काटा घुसतो. थंडीत हा त्रास कमी, पण टाचेच्या भेगा तेव्हाही सांभाळाव्या लागतात.

आपल्यात एक समज पक्का आहे : खारं पाणी जखम धुऊन काढतं. हे खरं नाही. कोमट आणि कमी खारट पाण्यात वाढणारे काही जंतू असतात. पावसात नदीच्या मुखाशी नेमकं तसंच पाणी असतं. निरोगी माणसाला सहसा काही होत नाही, पण ज्याला डायबेटिस आहे किंवा दारूने लिव्हर खराब झालंय, त्याचा एक-दोन दिवसांत हात किंवा जीवही जाऊ शकतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या जेटीवरच्या एका खलाशाला काटा लागला. त्याने जखमेवर तंबाखू दाबली आणि पुढची फेरी केली. परत आला तेव्हा बोट काळं पडलेलं. ते कापावं लागलं. त्याला विचारलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, "खाडा पडला तर पैसे कापतात ना."

माझा मुद्दा इथेच आहे. आपण खलाशांना अडाणी म्हणून मोकळे होतो. ओडिशा, झारखंडहून आलेला मुलगा घरी पैसे पाठवायचे म्हणून दुखणं लपवतो. त्यात त्याच्यापेक्षा आपली चूक मोठी आहे. काही मालक म्हणतील, असं केलं तर रोज कोणीतरी बोट दाखवत बसेल. चार जण बसतीलही. पण एक खलाशी महिनाभर आजारी पडला तर बोटीचं नुकसान त्याहून जास्त होतं.

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, जखमेमुळे डॉक्टरकडे गेलेल्या दिवसाचे पैसे कापायचे नाहीत, अर्धा भार सोसायटीने घ्यावा. दोन, जुलैच्या शेवटी सगळ्यांची शुगर तपासणी आणि ज्यांचं राहिलंय त्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन. तीन, प्रत्येक बोटीवर साबण, गोडं पाणी, पट्ट्या आणि जाड हातमोजे.

सभा होईपर्यंत एवढं तरी करा. काटा लागला की लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने चांगलं धुवा. हळद, डिझेल, चुना काही लावू नका. लाली असेल तिच्या कडेने पेनाने रेघ मारा. लाली रेघेबाहेर गेली, ताप आला, काळसर फोड आले किंवा जखमेच्या मानाने ठणका फार वाटला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. बोट समुद्रात असेल तर फेरी अर्धी सोडून किनाऱ्याला घ्या. डॉक्टरला सांगा, "मासळीचा काटा लागलाय, समुद्राचं पाणी लागलंय." त्यावरून औषध बदलतं. आणि फार्मसीतून दोन गोळ्या आणून काम भागवू नका.

मालकांनो, पटत नसेल तर सभेला या आणि समोर बोला.

आपला,
सेक्रेटरी