विश्लेषण : बंगल्यात प्रवाळाची टाकी, पण खारे पाणी सोडणार कुठे?

जुन्नर-आंबेगावात टोमॅटोचे किंवा द्राक्षाचे एखादे साल चांगले गेले, की बंगल्याचे काम निघते. आर्किटेक्टच्या कागदावर देवघराची जागा ठरते, पार्किंग ठरते आणि हल्ली हॉलच्या भिंतीत माशांची टाकीही येते. गोड्या पाण्याची टाकी असेल तर फारसा प्रश्न नसतो. पण मोबाइलवर परदेशातल्या प्रवाळ टाक्यांचे व्हिडीओ पाहून ‘तसलीच’ करायची म्हटली, तर ती फर्निचरची बाब राहत नाही. टाकीच्या मागे एक स्वतंत्र खोली लागते. त्या खोलीचा हिशेब पाणी, वीज, वजन आणि मीठ असा चार बाजूंनी करावा लागतो. आणि या सगळ्याच्या आधी वन्यजीव कायदा वाचावा लागतो.

प्रवाळ टाकी म्हणजे नेमके काय?

प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो प्राणी आहे. कठीण प्रवाळातले बारीक जीव समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन चुनखडीचा सांगाडा बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. ती प्रकाशावर अन्न तयार करतात आणि प्रवाळाला पोसतात. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापून काही आठवडे तसेच राहिले, की ही शैवाले बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरा पडतो. घरच्या टाकीत हेच काही दिवसांत होऊ शकते, कारण समुद्राइतके पाणी तिथे नसते.

म्हणून अशा टाकीत माशांपेक्षा पाणी सांभाळण्याचे काम मोठे. तापमान २५ ते २७ अंश, क्षार लिटरला साधारण ३५ ग्रॅम आणि नायट्रेट अगदी कमी, हे रोजच्या रोज राखावे लागते. हॉलमधून दिसते ती फक्त काच. मागे गाळणीची दुसरी टाकी असते, तिला ‘संप’ म्हणतात. त्याशिवाय पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारे ‘स्किमर’, पंप, शुद्ध पाण्याचा ड्रम आणि मीठ कालवण्याचा ड्रम. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर उभे राहिले, तेव्हा अरबी समुद्र रस्त्यापलीकडे होता. जुन्नरपासून तो सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर दूर आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाट चढून इथे येत असे. आता समुद्रच पोत्यात भरून येतो. हजार लिटरच्या टाकीला पहिल्या भरणीतच ३५ ते ३८ किलो खास मिश्रण लागते. मिठागराचे खडे मीठ चालत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर क्षार समुद्राच्या प्रमाणात नसतात.

कायदा काय म्हणतो?

बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या अनुसूची १ मध्ये आहे, हे जुन्नर तालुक्यात शाळेतले पोरही सांगेल. त्याच अनुसूचीत प्रवाळही आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. २००१ मध्ये केंद्र सरकारने रीफ बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळा प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे या गटांना अनुसूची १ मध्ये टाकले. नोंद ‘सर्व’ अशी आहे. तुकडा रामेश्वरहून आला की इंडोनेशियातून, असा भेद त्या नोंदीत नाही. शिवाय कठीण प्रवाळ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्येही येतात, म्हणजे सीमा ओलांडताना कागद लागतातच.

शिक्षाही किरकोळ नाही. अनुसूची १ मधल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान दंड २५ हजार रुपये झाला. बिबट्याच्या तक्रारीसाठी शेतकरी जुन्नर वन विभागाच्या ज्या कार्यालयात जातात, प्रवाळाचा तुकडा सापडला तर त्याच कार्यालयातून माणसे घरी येऊ शकतात.

हा कायदा किती काटेकोर आहे, याचे उदाहरण मुंबईतच आहे. किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या १८ छोट्या वसाहती आढळल्या. त्या मुंबईतच दुसऱ्या ठिकाणी हलवायच्या होत्या. त्यासाठीही महापालिकेला वन खात्याची परवानगी घ्यावी लागली आणि २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या मदतीने त्या हलवल्या गेल्या. हजारो कोटींच्या प्रकल्पाला जे चुकले नाही, ते हॉलच्या भिंतीतल्या टाकीला चुकेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

खरी अडचण दुकानात होते. दुकानदार इंग्रजी नावे पटापट सांगतो, ‘इंपोर्टेड आहे, काही होत नाही’ म्हणतो आणि हातात नाव-पत्ता नसलेली चिठ्ठी देतो. घेणाऱ्याला कठीण आणि मऊ प्रवाळातला फरक माहीत नसतो. इथे यंत्रणेने आधी विकणाऱ्याकडे पाहायला हवे. पकडायला सोपा म्हणून हौशी ग्राहक पुढे करणे योग्य नाही. तरीही ताब्यात वस्तू ज्याची, जबाबदारी त्याची, हे कायद्याचे सूत्र बदलत नाही. जाता जाता : पूजेच्या दुकानात चौकटीत बसवून मिळणारे ‘इंद्रजाल’ ही कुठली वनस्पती नाही. तो समुद्रपंखा किंवा काळा प्रवाळच असतो. भिंतीवर ते असेल, तर टाकी नसतानाही प्रश्न आहेच.

मग टाकीत ठेवायचे काय?

मऊ प्रवाळातले चामड्यासारखे दिसणारे प्रकार, बटणांसारखे झोअँथिड आणि अळिंबीसारखे दिसणारे जीव वरच्या पाच गटांत येत नाहीत. ते पाण्यातली थोडी चूकही सोसतात. माशांत क्लाउनफिश हौदात वाढवलेले मिळतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा हा मासा टाकीत चांगला रुळतो. ‘जिवंत खडक’ म्हणून समुद्रातून उचललेला दगड घेऊ नये, त्यात कठीण प्रवाळ चिकटलेला असतो. कोरडा किंवा सिरॅमिकचा खडक पुरतो. काहीही घ्या, प्रजातीचे शास्त्रीय नाव लिहिलेली पक्की पावती घ्या. ते नाव लिहायला दुकानदार कचरला, तर तिथेच उत्तर मिळाले.

खोली तळमजल्यावरच का?

सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच टाकीत हजार लिटरहून थोडे जास्त पाणी मावते. पाणी, जाड काच, खडक आणि स्टँड मिळून वजन साधारण १,४०० किलो. हा भार पंधरा चौरस फुटांवर येतो, म्हणजे चौरस मीटरला हजार किलोच्या आसपास. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून काढतात. भार बीमवर वाटला जातो हे खरे, पण कितपत, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरने आकडेमोड करून सांगायचे. गवंडी पाय आपटून सांगतो ते धरू नये. जुन्या वाड्याच्या माडीवर तर विषयच नको.

तळमजल्यावरही मीना, कुकडी, घोडच्या काठच्या काळ्या जमिनीत सावधगिरी हवी. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यात तीच माती भरली असेल तर फरशी खचते. अर्धा सेंटिमीटर जरी एका बाजूला टाकी कलली, तरी काचेच्या जोडावर ताण येतो. माती काढून मुरूम, त्यावर दगडी सोलिंग आणि काँक्रीट, हा खर्च आधी केलेला बरा.

खोली वेगळी लागते ती बाष्पामुळे. एवढ्या टाकीतून रोज आठ-दहा लिटर पाणी उडते. बंद हॉलमध्ये ते भिंतीत मुरते, प्लायवूड फुगते, टीव्हीच्या मागे बुरशी धरते. खाऱ्या तुषारांनी स्विचबोर्ड गंजतो. दहा बाय आठची खोली, पूर्ण उंचीच्या टाइल्स, नहाणीसारखा उतार व मोरी, बाहेर उघडणारा एक्झॉस्ट पंखा आणि टाकीच्या मागे माणूस उभा राहील एवढी जागा असली की पुरते. बोर्ड टाकीच्या वर कधीच नको. वायरला खाली झोका द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता झोक्यावरून टपकते. तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग यांत काटकसर करू नये. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे.

पाणी किती लागते?

बोअरचे पाणी थेट चालत नाही. बेसाल्ट खडकातले पाणी जड असते आणि बागायती पट्ट्यात खतांतले नायट्रेट विहिरीत उतरते. आरओ लावावा लागतो आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणारा डीआय फिल्टर. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे म्हणजे १०० लिटर आणि बाष्पाची भरपाई सुमारे ७० लिटर, असे १७० लिटर शुद्ध पाणी. ते मिळवताना साधा आरओ ३४० ते ५०० लिटर पाणी बाहेर फेकतो. ज्या गावात कुकडीच्या आवर्तनाची वाट पाहत पिके जगवतात, तिथे हे पाणी गटारात सोडणे शोभणारे नाही. ते फेकपाणी खारे नसते, फक्त जड असते. संडास, गाडी, अंगण धुवायला चालते. त्यासाठी वेगळा पाइप मात्र बांधकामातच काढावा लागतो, नंतर भिंत फोडायला कोणी तयार नसते.

आणि मीठ?

व्हिडीओत न दिसणारी गोष्ट हीच आहे. आठवड्याला बदललेल्या १०० लिटरमध्ये साडेतीन किलो मीठ असते. वर्षाला १८२ किलो. शहरात ते ड्रेनेजला जाते आणि विसरले जाते. गावात घराचे सांडपाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत जाते. शोषखड्डा पाणी गाळतो, मीठ गाळत नाही. ते खाली उतरते आणि जवळच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये निघते. ती विहीर शेजाऱ्याचीही असू शकते. परसबागेत सोडले तर वर्ष-दोन वर्षांत माती चिकट, चोपण होते, पाणी मुरत नाही, केळीची पाने कडेने करपतात. सेप्टिक टँकमधले जिवाणूही एवढ्या मिठात नीट काम करत नाहीत. ओढ्यात सोडणे म्हणजे तोच प्रश्न खालच्या गावाला देणे.

उपाय द्राक्षबागायतदाराला नवा नाही. शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा कागद अंथरून दोन बाय तीन मीटरचे उथळ वाफे करायचे. वर्षाचे ५,२०० लिटर पाणी कोरड्या आठ महिन्यांत उडवायचे, म्हणजे दिवसाला २२ लिटर. दिवसाला सरासरी पाच मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी सहा चौरस मीटरचा वाफा ते सहज उडवतो. एप्रिल-मेमध्ये वेग याहून बराच जास्त असतो. जून ते सप्टेंबर वाफा झाकून ठेवायचा आणि त्या काळातले सुमारे १,७०० लिटर दोन हजारांच्या टाकीत साठवायचे. उरलेले कोरडे मीठ पोत्यात भरून ठेवायचे. खाण्यात किंवा जनावरांच्या चाटणात ते येऊ देऊ नये. घरबांधणीची परवानगी देताना सांडपाणी कुठे जाणार हे विचारतात, त्यात खारे पाणी आहे का हा प्रश्न कोणी विचारत नाही. ग्रामपंचायतींनी तो विचारायला हवा, आणि नुसत्या टाकीसाठी नाही. पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनर यंत्रांचेही खारे पाणी याच वाटेने जाते.

वीज गेली तर?

दिवे ३०० वॉट दहा तास, पंप आणि स्किमर मिळून १३० वॉट अहोरात्र, म्हणजे दिवसाला सहा युनिट. चिलर लावला की उन्हाळ्यात अकरा. महिन्याला १८० ते ३३० युनिट घराच्या वापरावर चढतात आणि महावितरणचा वरचा टप्पा लागतो.

इथली हवा मात्र मदत करते. उन्हाळा कोरडा असल्याने संपवर साधा पंखा सोडला तरी पाणी दोन-तीन अंश थंड राहते, चिलर कमी चालतो. पावसाळ्यात भीमाशंकर, माळशेजच्या बाजूला हवा इतकी दमट असते की पंख्याचा उपयोग नाही, पण तेव्हा गारवा असतो. खरी कसोटी डिसेंबर-जानेवारीच्या रात्री. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात तेव्हा हजार लिटर पाणी एक अंश तापवायला १.१६ युनिट जातात. हीटर एक मोठा न घेता दोन मध्यम घ्यावेत. एक बिघडला तर दुसरा रात्र काढतो.

वळवाच्या वादळात तारेवर झाड पडले, तर वीज आठ-दहा तास येत नाही. पाणी हलायचे थांबले की प्राणवायू काही तासांत घटतो आणि आधी मोठे मासे जातात. १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टर बॅटरी जपून वापरली तर सुमारे १.२ युनिट देते. त्यावर फक्त ६० वॉटचे पंप ठेवले तर २० तास निघतात. दिवे, चिलर, हीटर त्या लाइनवर घेऊ नयेत. वायरिंग करतानाच इलेक्ट्रिशियनकडून ही लाइन वेगळी काढून घ्यावी.

मासे कधी सोडायचे?

पाणी भरले त्या दिवशी नाही. शेतात युरियाचा अमोनिया जिवाणू नायट्रेटपर्यंत नेतात, तेच काम टाकीत माशांच्या मलमूत्रावर व्हावे लागते. ते जिवाणू खडकावर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी रिकामी चालवायची, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याचे टेस्ट किटवर पाहायचे आणि मग दोन क्लाउनफिश. खोलीचे काम दिवाळीनंतर काढले तर हा रिकामा काळ थंडीत येतो, हीटर आणि इन्व्हर्टरची परीक्षा मासे नसतानाच होते आणि बाष्पीभवनाचा वाफा पहिल्या पावसाच्या आधी एकदा कोरडा करून पाहता येतो.